घरटी एक माणूस

१९ जून २०२५, गुरुवार

तुळजा,

मी फोन केला की तू "हं" म्हणतेस आणि फोन रूपाकडे देतेस. आपली लेक मग म्हणते, "बाबा, आई आंघोळीला गेलीय." चार दिवसांत तू सात वेळा आंघोळीला गेलीस. नाशिकला पाण्याची एवढी चंगळ असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं "हं" म्हणता येत नाही.

घर ठीक आहे. भात जमतो, आमटी जमत नाही. गोदामाच्या ट्रकने आपल्या पायरीचा कोपरा पुन्हा उडवला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "चाचा, सॉरी, अंधेरा था." सकाळचे अकरा वाजले होते.

तू मोबाईलवरच्या शेतीवर वैतागून गेलीस, असं मी गावात सांगितलं आहे. लोकांना पटलं. कुणी काही विचारलंही नाही, इतकं पटलं. आणि ते पुष्कळसं खरंही आहे. रूपाने तिचा जुना टॅब दिला तेव्हापासून मी त्यात आहे, हे कबूल. पण तू एकदाही नीट बघितलं नाहीस. सकाळी सहाला कोंबडा आरवतो. टोपी घातलेला माझा माणूस घरातून बाहेर येतो. दारात अंगण, अंगणापुढे शेत, शेताला पांढरं कुंपण. मातीचे चौकोन, एकसारखे. कुदळ मारली की चौकोन मऊ होतो, बी टाकलं की बसतं, झारीने पाणी घातलं की माती गडद होते. चार दिवसांत सलगम. खेकडा बांध पोखरत नाही, भाताला तुडतुडा लागत नाही, बांधावरून भाऊबंद भांडत नाहीत. संध्याकाळी पेटीत माल ठेवायचा, सकाळी तो विकलेला असतो. कोण नेतं, कधी नेतं, काही दिसत नाही.

शाळेत मी चौतीस वर्षं घंटा दिली. व्हरांड्यात स्टुलावर बसून चौथी ते सातवीच्या सगळ्या कविता पाठ केल्या, मुलांच्या आधी. त्या कवितांत जसं शेत असायचं तसं शेत मी पहिल्यांदा या टॅबमध्ये पाहिलं. आपलं शेत तसं कधी दिसलंच नाही मला. एवढंच माझं म्हणणं आहे.

आपला राब मात्र सुरेख उगवला आहे. भाताची रोपं बोटभर झाली. शेजारच्या शेतातला नामा काल विचारत होता, "राघोदा, वहिनी कवा येनार?" मी म्हटलं, येईल आवणीपर्यंत, रोपं चिखलात लावायच्या आधी.

येशील ना?

राघो


२६ जून, गुरुवार

तुळजा,

रूपाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, पत्र मिळालं. आईने वाचलं. आई म्हणते, खरं लिहा." मी विचारलं, आणखी काय म्हणाली? "एवढंच. मग आंघोळीला गेली."

तर खरं लिहितो.

तू गेमवर रागावून गेली नाहीस.

गोदामामागचे आपले तेरा गुंठे तीन वर्षं पडून होते. मी दर उन्हाळ्यात म्हणायचो, लावू या. तू म्हणायचीस, "पडू दे. तिला पडू दे, मलाबी जरा पडू दे." यंदा मे महिन्यात नामा पॉवर टिलर घेऊन बांधावर आला होता. मी तासभर आधीच टॅबमध्ये साठ चौकोन खणून उठलेलो, हात नुसते शिवशिवत होते. मी त्याला म्हटलं, आमचंही नांगरून दे, राबही टाकून दे, आम्ही सावडीला येतो. सावड म्हणजे सावड, आज सगळे तुझ्या चिखलात, उद्या सगळे माझ्या. घरटी एक माणूस, सहा दिवस. नामाने विचारलं, "तुमच्याकडनं कोन?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? तुळजा."

माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की लगेच पुढे आम्ही पावसापाण्याचं बोलू लागलो.

घरी येऊन तुला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, सांगितलं नाही. महिना गेला. मग त्या रविवारी पिठाच्या गिरणीत सावडीतली ठकुबाई तुला म्हणाली, "बरं झालं बाय, यंदा तू हायेस ओळीत." तू घरी आलीस, पिठाचा डबा खाली ठेवलास आणि मला विचारलंस, "कुनाला विचारून?" मी टॅब बाजूला ठेवला नाही, हेही लिहितो. तू म्हणालीस, "मी काय बैल हाय? दावं सोडलं का कुनाच्याबी शेतात?" आणि मी म्हणालो, "सहाच दिवस तर आहेत."

तू आत गेलीस. पिशवी भरलीस. मला वाटलं, देवळात चाललीस.

तुझा गुडघा मला ठाऊक आहे. तुझं वय त्रेसष्ट हेही ठाऊक आहे. पण तुला लावताना बघितलं की ते फार सोपं दिसतं. मूठ घेतली, बोटं बुडवली, पुढे. मला वाटायचं, तुला ते आवडतं.

आता नामाला काय सांगू ते कळव. त्याने नांगरून दिलं आहे, राब टाकून दिला आहे. त्याचं काम होऊन गेलं, आपलं राहिलं आहे.

राघो


३ जुलै, गुरुवार

तुळजा,

नामाला काय सांगायचं, याचं उत्तर तू दिलं नाहीस. बरोबर आहे. नामाला शब्द मी दिला होता.

गेमबद्दल एक गोष्ट लपवली होती, ती सांगून टाकतो. माझं तिथे लग्न झालं आहे.

हसू नकोस. त्या गावात एक शिक्षिका आहे. आठवड्यातून दोन वेळा तिला काहीतरी भेट द्यायची असते, की ती खूश होते. मी सलगम देत राहिलो, माझ्याकडे दुसरं होतंच काय. दीड महिना सलगम खाऊन ती लग्नाला तयार झाली. रूपाला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल, हसेल बिचारी.

लग्नाचं मी का काढलं ते पुढे आहे. एप्रिलमध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा झारीने पाणी घालताना मला गाणं सुचायचं. साठ चौकोन, एकेकावर बोट. पंधरा दिवसांनी गाणं बंद झालं. महिन्याने बोट दुखू लागलं. रोज सकाळी तेच, डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ, मग विहिरीवर, मग पुन्हा. पाणी घातलं नाही तर पीक मरत नाही गं तिथे, नुसतं थांबून राहतं. तरी मी घालत होतो, आणि जांभया देत होतो. कंटाळा आला असं म्हणायची लाज वाटायची. ज्याला मी शेत म्हणून छातीशी धरलं होतं त्याचा कंटाळा कसा येईल?

मग लग्न झालं. आणि एका सकाळी माझा माणूस बाहेर आला तर सगळी माती आधीच ओली. ती स्वयंपाकघरात उभी. तिच्या डोक्यावर अक्षरं आली: "आज मी सगळ्या रोपांना पाणी घातलं हं."

मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने घातलं नव्हतं. तर मी, तुळजा, रागावलो. टॅबवर. अठ्ठावन्नाव्या चौकोनावर बोट ठेवून मी मोठ्याने म्हणालो, "आज काय झालं हिला?" घरात कुणी नव्हतं. तू जाऊन अकरा दिवस झाले होते. मी तो टॅब पालथा ठेवला.

कवितांत शेतकरी राबतो आणि कारभारीण भाकरी घेऊन बांधावर येते. सगळ्या इयत्तांत असंच. आपल्याकडे भाकरी घेऊन बांधावर यायचो मी. तेही सुट्टी असली तर.

आता दुसरं खरं. हे तू विचारलेलं नाहीस.

रूपा तीन महिन्यांची होती त्या वर्षी आवणीला मी चार दिवस रजा काढली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तुला सांगितलं, हेडमास्तरांनी बोलावलंय, तपासणी आहे. तू आंब्याला झोळी बांधलीस, रूपाला तीत ठेवलंस, आणि माझीही ओळ तूच लावलीस. तुझ्या डाव्या हाताला तुझी, उजव्या हाताला माझी. संध्याकाळी मी आलो तेव्हा तू विचारलंस, "झाली तपासनी?" मी म्हटलं, झाली.

तपासणी नव्हती. हेडमास्तरांनी बोलावलं नव्हतं. शाळेत त्या दिवशी कविता पाठांतराची स्पर्धा होती. मी व्हरांड्यातून ऐकली. पाचवीतल्या एका मुलीने शेतावरची कविता अशी म्हटली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हे पत्र टाकायला धामणकर नाक्यापर्यंत गेलो आणि पेटीसमोरून परत आलो. आज दुसऱ्यांदा जातो आहे.

राघो


१० जुलै, गुरुवार

तुळजा,

हात कापत आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. आजारी नाही.

सोमवारी नामा दारात आला. "राघोदा, उद्यापासून आवनी. तुमच्याकडनं कोन?" मी म्हटलं, तुळजा येणार नाही. तिला मी विचारलंच नव्हतं. मजूर लावून देतो. नामाने मान हलवली. त्याच्या मागून ठकुबाई बोलली, "मजूर हाय कुठं? समदी पोरं गोदामात ड्युटीला. आन दादा, सावडीत घरचं मानूस लागतं. माज्या घरचं मी येते. तुमच्या घरचं कोन हाय आता?"

घरात मी आणि मांजर.

"मी येतो," म्हटलं. नामा हसला नाही, हे त्याचे उपकार. ठकुबाई हसली.

मंगळवारी सातला गेलो. ओळीत नऊ बायका, नामाचा भाऊ आणि मी. हाफ पँट घातली होती, शाळेच्या कवायतीची, खाकी. "अगं बाई, शिपाई आले," एक म्हणाली. "घंटा आनली का? दुपारी जेवायला द्या."

मला वाटलं होतं, मूठ घ्यायची आणि बोटं बुडवायची. चिखल गुडघ्यापर्यंत येतो आणि पाय परत देत नाही. एक पाय काढला की दुसरा आत. मी दहा रोपं लावेपर्यंत बायका वीस हात मागे सरकल्या होत्या. मी एकटा पुढे राहिलो. म्हणजे मागे. लावणाऱ्याने मागे मागे जायचं असतं, हे चाळीस वर्षं बांधावरून बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ठकुबाई परत आली आणि माझं एक रोप उपटून बघितलं. "दादा, लावताय का गाडताय?"

"खोल लागतं का?"

"ह्ये आता पुढल्या वर्सीच वर येईल." मग तिने माझ्या मनगटाला धरून दाखवलं. रोप तीन बोटांत, अंगठ्याने ढकलायचं, माती आपणच सोडते. "वहिनीला लावताना बघितलं न्हाय का कवा?"

"बघितलंय."

"कुठनं?"

मी पुढची मूठ घेतली. पण त्यांना कळलंच. ओळभर हसू पसरलं.

दहाच्या सुमाराला त्यांनी गाणं धरलं, मग मला म्हणाल्या, "आता तुमची म्हना, शाळेतली." मी वाकल्या वाकल्याच सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला दम संपला. पोट दुमडलेलं, छाती गुडघ्यावर, शब्द येणार कुठून? उभं राहून म्हणावी तर हात थांबतात, आणि हात थांबले की ठकुबाई बघते. त्यांची गाणी कशी आहेत ठाऊक आहे? तीन-चार शब्दांची ओळ, मग दुसरी बाई उचलते, तोवर पहिली श्वास घेते. चौतीस वर्षं मला वाटायचं, यांना लांब ओळी पाठ होत नसतील.

अकराला मी बांधावर येऊन पडलो. नामा म्हणाला, "राघोदा, जा घरी." ठकुबाई म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तुळजाची ओळ मी घेते."

ती "तुळजाची ओळ" म्हणाली. माझी नाही. ती अजून तुझ्याच नावावर आहे.

मी अर्ध्या तासाने परत उतरलो. माझी ओळ साडेचारला संपली, बाकीच्यांची दोनला. त्या थांबल्या नाहीत, पण ठकुबाई बांधावर बसून तंबाखू मळत राहिली, संपेपर्यंत.

काल दुसरा दिवस, आज तिसरा. कंबर नावाची गोष्ट आता मला नाही. जिना बसून उतरतो. तुझ्या मलमाची बाटली सापडली, फळीवर डब्यामागे होती. अर्धी संपलेली आहे. तू ही केव्हा लावायचीस ते मी कधी पाहिलं नाही.

राघो


१६ जुलै, बुधवार

तुळजा,

रविवारी सहा दिवस पुरे झाले. शेवटच्या दोन दिवसांत ठकुबाईने माझं एकही रोप उपटलं नाही. मात्र ओळ वाकडी आहे. वरून बघितली तर कुणीतरी दारू पिऊन लावल्यासारखी दिसते. आणि मी वरून बघत होतो, बांधावरून, जुनी सवय.

काल सगळे आपल्या तेरा गुंठ्यांत आले. ज्याचं शेत त्याच्याकडे दुपारचं जेवण. अकरा माणसं. हे मला सोमवारी संध्याकाळी आठवलं, बघ. आक्काला सांगावं, ती करील, असं मनात आलं आणि चप्पल घालून मी तिच्या दारापर्यंत पोहोचलोही. ती भांडी घासत होती. पंच्याहत्तरीची माझी थोरली बहीण. म्हणाली, "काय रं राघो?" मी म्हटलं, "काही नाही, मोठं पातेलं दे." पातेलं घेऊन परत आलो.

पहाटे उठून भात टाकला, सुकटीचा रस्सा केला. मीठ कमी पडलं. भाकऱ्या केल्या नाहीत, तेवढी हिंमत नाही. बायका जेवल्या. एक म्हणाली, "तुळजाबायचा रस्सा न्हाय ह्यो." ठकुबाई म्हणाली, "तुळजाबाय कुठं हाय? दादांचा हाय. खा." भांडी मी घासली.

दुपारी तीनला लावून झालं. गोदामाच्या पत्र्याच्या सावलीत आपलं खाचर लहान दिसतं. त्या साठ चौकोनांपेक्षाही लहान. पण एवढ्यात किती रोपं मावतात ते आता माहीत आहे.

बांधावरच नामाला सांगितलं, पुढच्या वर्षी आमचं घर सावडीत धरू नकोस. ही जमीन पडून राहील. तो म्हणाला, "वहिनी बोलल्या का?" मी म्हटलं, ती तीन वर्षं तेच बोलतेय. या वर्षीचं तण बेणणं आणि कापणी मी आणि तो बघू. तो अर्धं भात नेईल.

टॅबवरचा खेळ सोडला असं लिहिणार होतो. पण खरं लिहायचं ठरलंय. सोडला नाही. दिवसातून वीस मिनिटं बघतो. तिथे आता पाण्याचे फवारे मिळाले आहेत, आपोआप पाणी पडतं. मला काम उरलेलं नाही. माझा माणूस शेताच्या मध्ये उभा राहतो आणि पिकं वाढतात. असा मी पुष्कळ वर्षं उभा राहिलेलो आहे. म्हणून फवारे काढून टाकले आणि झारी घेतली. कंटाळा येतो. येऊ देतो.

तू ये असं या पत्रात लिहीत नाही. मागच्या चारांत चार तऱ्हांनी तेच लिहिलं होतं, तू ओळखलं असशील. गुडघा दाखवलास का डॉक्टरला, तेवढं कळव.

राघो


२२ जुलै, मंगळवार. नाशिक

श्री. राघो यांस,

तुमची पाची पत्रे मिळाली. मला तुमच्यासारखे लिहिता येत नाही. रूपा लिहून देते म्हणाली, मी नको म्हटले.

गुडघा दाखवला. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचे नाही, ओझे उचलायचे नाही. गोळ्या दिल्या आहेत.

रोपे लावल्यावर आठ दिवस पिवळी दिसतात. घाबरून नामाकडे पळू नका. उभारी धरतात. बांधाला खेकड्याची बिळे बघा, हाताने चिखल लावून बुजवा. रश्श्यात मीठ सुकट उकळल्यावर घालायचे, आधी नाही. मलम रात्री लावून वरून फडके बांधायचे.

झोळीच्या दिवसाचे वाचले. त्यावर मी आता काही लिहीत नाही. घरी आल्यावर बोलेन, तेव्हा मध्ये बोलू नका.

तुमच्या पत्रावर मी विश्वास ठेवला नाही. तुम्ही छान लिहिता, म्हणून ठेवला नाही. काल ठकूला फोन करून विचारले. ती म्हणाली, "सहाबी दिस आले. रडले एकदा, पन आले." रडल्याचे तुम्ही लिहिले नाहीत.

रविवारच्या एसटीने येते. दुपारी दोनला भिवंडी स्टँडवर या, पिशवी जड आहे. तोपर्यंत चार दिवस आहेत. कुणाला काही कबूल करू नका.

तुळजा